झाडं उपटणाऱ्यांच्या देशात

"मावशी, शनिवारी झाडं उपटायला जायचंय. येतेस?"

क्राइस्टचर्चला उतरून मला जेमतेम तीन दिवस झाले होते. चहाचा कप हातात धरून भाचा हे इतक्या सहज म्हणाला, की माझ्याच ऐकण्यात चूक झाली असं मला वाटलं. कोल्हापूरजवळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर जुलैत, पहिला दमदार पाऊस झाला की मुलांना घेऊन शाळेमागच्या माळावर खड्डे खणायचे, रोपवाटिकेतून आलेली रोपं लावायची आणि पुढच्या उन्हाळ्यात घागरींनी पाणी घालून ती जगवायची. लावलेलं झाड उपटणारा हात माझ्या लेखी नतद्रष्ट. आणि इथे माझ्याच घरचा मुलगा मला त्या कामाला चल म्हणत होता.

गेले. नोव्हेंबरचा महिना, म्हणजे तिकडचा वसंत संपत आलेला. क्राइस्टचर्चहून पश्चिमेला जाणारा रस्ता पोर्टर्स पासवर चढला आणि समोर उघडे, रुंद डोंगर आले. त्यांच्या अंगावर सोनेरी गवताचे गुडघाभर झुबके. टसॉक म्हणतात त्याला. वाऱ्याबरोबर अख्खा उतार एकाच दिशेनं लवायचा आणि पुन्हा उठायचा. पुढे क्रेगीबर्नच्या पायथ्याशी तीसएक माणसं जमली होती. निवृत्त आजोबा, कॉलेजची मुलं, लेकराला पाठीवर बांधून आलेली एक आई. प्रत्येकाच्या हातात जाड हातमोजे, छोटी करवत, लांब दांड्याची कात्री. भात लावताना बायका ओळ धरतात तशी सगळ्यांनी ओळ धरली आणि सगळी उतार विंचरत वर निघाली.

माझ्या वाट्याला पहिलं रोप आलं ते वीतभर उंचीचं पाइन. गर्द हिरव्या सुया, सरळ शेंडा, एकही पान रोगट नाही. शाळेच्या माळावर असं एक रोप तगावं म्हणून आम्ही काय काय केलं असतं! माझा हात थांबला.

ओळ सांभाळणाऱ्या एक वयस्क बाई माझ्याजवळ आल्या. मी शिक्षिका आहे हे भाच्यानं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी काही समजावलं नाही. म्हणाल्या, आधी चला, मग ठरवा. ओढ्यापलीकडे पाइनची एक दाट पट्टी होती. आम्ही वाकून आत शिरलो आणि दहा पावलांत उजेड गेला. खाली नुसता वाळक्या सुयांचा तपकिरी थर. गवताचं पातं नाही, शेवाळ नाही, किडा दिसेना, पाखराचा आवाज नाही. पाच मिनिटांनी त्या मला तिथून जवळच्याच बीच या देशी झाडाच्या रानात घेऊन गेल्या. बारीक गोल पानांमधून ऊन झिरपत होतं. बुंध्यांवर ओल्या शेवाळाची लोकर, खाली नेचे, कुजणाऱ्या खोडावर बीचचीच पिल्लं उगवलेली, आणि एक इवलासा पक्षी शेपटीचा पंखा उघडत आमच्या मागे मागे. झाडं दोन्हीकडे होती. रान एकीकडेच होतं. एवढी वर्षं मुलांना मी झाडं मोजायला शिकवलं, हा फरक त्यांना कधी दाखवला नाही, याची मला तिथे मनापासून चुटपुट लागली.

त्या रोपाचं नाव काँटोर्टा पाइन. मूळ घर उत्तर अमेरिका. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूझीलंडच्या उंच डोंगरांची माती वाहून जाऊ लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी डोंगर धरून ठेवायला काही परदेशी सूचिपर्णी झाडं लावून पाहिली. काँटोर्टा सगळ्यांत चिवट निघालं. लहान वयात बी धरतं, बियाला पंख असतात, आणि दक्षिण बेटावरचा वारा ते बी डोंगरामागून डोंगर पार नेतो. अशा आपसूक पसरलेल्या झाडांना तिथे 'वाइल्डिंग' म्हणतात. काँटोर्टा लावायला आणि विकायलाही आता बंदी आहे. कुठे दाट, कुठे तुरळक, अशी वाइल्डिंग झाडं देशाच्या १८ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरली आहेत. २०१६ पासून सरकारनं राष्ट्रीय पातळीवर ती काढायचं काम हाती घेतलं. कड्यावरच्या झाडाला हेलिकॉप्टरमधून लांब नळीनं औषध देतात, मोठ्या खोडाला भोक पाडून त्यात औषध भरतात, आणि रोपं अशी हातानं.

"कापशील तर अगदी जमिनीलगत काप. करवतीखाली एकसुद्धा हिरवी सुई राहिली तर तेवढ्यावर ते परत उठतं," भाचा वरून ओरडला.

पहिलं रोप मी दोन्ही हातांनी उपटलं. मुळांना लागलेली माती झटकून ते गवतावर उलटं ठेवलं. दुपारपर्यंत अशी सत्तर झाली.

दुसऱ्या दिवशी आर्थर्स पास ओलांडून आम्ही पश्चिम किनाऱ्याला उतरलो. गगनबावड्याचा घाट पावसाळ्यात उतरावा तसं झालं. मागे कोरडे डोंगर, आणि वळणावळणाला हिरवा रंग दाट होत होत शेवटी काळाच झाला. होकिटिका गावात वर्षाला जवळपास तीन मीटर पाऊस पडतो. तिथल्या रानात रीमूची झाडं आहेत. फांद्या खाली लोंबणाऱ्या, जणू कुणी हिरव्या रेशमाच्या लडी वाळत घातल्यात. एक रीमू सहा-सातशे वर्षं सहज जगतो, काही हजाराच्या घरात जातात. लाकूड तांबूस, मधासारखं. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथली जमीन त्याच लाकडाची होती आणि ती बसवणारे गृहस्थ समोर बसून बटाटे सोलत होते.

या गृहस्थांचं आयुष्य आरागिरणीत गेलेलं. त्यांची मुलगी वनरक्षणाच्या कामात. रात्री जेवताना आदल्या दिवशीच्या रोपांचा विषय निघाला आणि बापलेकीचं जे सुरू झालं ते दोन तास थांबलं नाही. आवाज चढले, पण दोघंही एकमेकांच्या ताटात वाढत होती. असा वाद मी फार दिवसांनी ऐकला.

त्यामागचा इतिहास थोडक्यात सांगते. माणूस येण्याआधी न्यूझीलंडचा सुमारे चारपंचमांश भाग रानाखाली होता. आज देशी रान चौथ्या हिश्शाच्या आसपास उरलंय. सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरचं बीचचं रान मोठ्या प्रमाणावर तोडून काही जागी पाइन लावायची सरकारी योजना आली आणि देश खडबडून उठला. 'मारुइया जाहीरनामा' या नावाच्या अर्जावर सुमारे ३ लाख ४१ हजार लोकांनी सह्या केल्या आणि १९७७ साली तो संसदेपुढे गेला. त्या वेळी देशाची लोकसंख्या अवघी एकतीस लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घ्या. १९७८ मध्ये उत्तर बेटावर पुरेओरा इथे तरुण मुलं उंच टोटारा वृक्षांच्या शेंड्यांत जाऊन बसली आणि खाली करवती थांबल्या. १९८७ साली जुनं वन खातं मोडून रानाची राखण एका खात्याकडे आणि लाकडाचा व्यवहार दुसरीकडे दिला गेला. १९९३ च्या कायद्यानं खासगी मालकीच्या देशी रानातही परवान्याशिवाय तोड बंद झाली. काउरी किंवा रीमूसारखं झाड असेल तर एकेकटं किंवा लहान घोळक्यानं घ्यायचं, बीच असेल तर अर्ध्या हेक्टरापेक्षा मोठा तुकडा मोकळा करायचा नाही, असे बारीक नियम. उरला होता पश्चिम किनाऱ्यावरच्या सरकारी रानाचा प्रश्न. १९९९ साली हेलन क्लार्क यांचं सरकार आलं, त्यांनी तिथली बीच तोडायची नवी योजना रद्द केली आणि ३१ मार्च २००२ ला तिथली रीमूची तोडही कायमची थांबली. भरपाई म्हणून त्या भागाला १२ कोटी डॉलर मिळाले.

"पैसे मिळाले," गृहस्थ म्हणाले, "आणि माझ्या गिरणीतली पोरं ऑस्ट्रेलियाला गेली."

त्यांचा मुद्दा नोकरीपुरता नव्हता. शेवटच्या वर्षांत दक्षिणेकडच्या ओकारिटो आणि सॉल्टवॉटरच्या रानात रीमू काढायची जी पद्धत होती, तिचा त्यांना अभिमान होता. रस्ता पाडायचा नाही, ओंडका फरफटत न्यायचा नाही. जंगलात फिरून एकेक झाड निवडायचं, शक्यतो म्हातारं, कलतं, पुढच्या काही वर्षांत आपणहून पडेल असं. ते तिथल्या तिथे कापायचं आणि हेलिकॉप्टरनं वरच्या वर उचलून न्यायचं. त्यांनी मला हातवारे करून दाखवलं, दोर कसा सुटतो, ओंडका पानांतून कसा वर जातो आणि वरचं पानांचं छप्पर पुन्हा कसं मिटतं. त्या लाकडाच्या पैशातून रानातले उंदीर, पोसम आणि स्टोट मारायचे, असाही बेत होता. "आता रीमू बंद," ते म्हणाले, "म्हणून लोकांनी अंगणातल्या फळ्या बसवायच्या सोडल्या का? आग्नेय आशियातून क्विलाचं लाकूड आणलं. त्या रानात झाड कोण निवडून कापतो? तिथे हेलिकॉप्टर असतं का?"

मुलगी शांतपणे म्हणाली, ज्याला तुम्ही मरायला टेकलेलं झाड म्हणता, तेच रानातलं सगळ्यांत गजबजलेलं घर असतं. काका नावाचा मोठा पोपट ढोलीत अंडी घालतो, ती ढोली तरुण झाडाला नसते. या देशाला मूळची जमिनीवरची सस्तन जनावरं नाहीत, आहेत ती फक्त वटवाघळं. तीही पोकळ म्हाताऱ्या खोडांत राहतात. तेवढंच वेचून न्यायचं म्हणजे गावातली माणसं ठेवून घरं उचलून नेण्यासारखं.

२०१४ साली इटा वादळानं याच किनाऱ्यावर हजारो झाडं आडवी केली तेव्हा हाच वाद पुन्हा पेटला होता. पडलेलं लाकूड तरी उचलू द्या, या म्हणण्यावर संसदेनं त्याच वर्षी खास कायदा केला आणि राखीव रानातून वादळानं पडलेलं लाकूड काही वर्षं उचललं गेलं. बापाला वाटतं, त्यात कुणाचं काय गेलं? लेकीला वाटतं, पडलेला ओंडकाच पुढच्या रानाची माती. क्रेगीबर्नला कुजक्या खोडावर उगवलेली बीचची रोपं मला आठवली.

मी कुणाच्या बाजूची, असं दोघांनीही विचारलं. सांगितलं ते इथेही सांगते. तोड थांबवली ते योग्य झालं. चारातला एकच वाटा उरल्यावर त्यातलं आणखी वेचून नेण्याचा हक्क, कितीही जपून वेचलं तरी, कुणाला राहत नाही. पण क्विलाबद्दलच्या त्या प्रश्नाला लेकीकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. आपल्या दारची करवत बंद करून दुसऱ्याच्या दारची चालू ठेवणं याला राखण म्हणत नाहीत. हे त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बरोबर ओळखलं होतं.

क्राइस्टचर्चला परत आल्यावर भाच्यानं मला आकारोआच्या बाजूला नेलं. हिनेवाय नावाची जागा. तिथे पोचेपर्यंत डोंगरच्या डोंगर पिवळेधमक होते. गॉर्सचं झुडूप फुललेलं. फुलाला ओल्या नारळासारखा वास, आणि काटे असे की बाभळीनं लाजावं. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी शेताला कुंपण म्हणून ते आणलं आणि इथल्या सौम्य हवेत ते बेफाम झालं. जाळलं की राखेतून दुपटीनं उठतं. त्याचं बी मातीत कित्येक दशकं वाट बघत पडून राहतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं गॉर्स म्हणजे या देशातलं पहिल्या क्रमांकाचं तण.

हिनेवायला १९८७ साली ह्यू विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञानं एका निसर्गन्यासाच्या वतीनं काम सुरू केलं तेव्हा तिथे जमीन होती १०९ हेक्टर, बरीचशी गॉर्सनं भरलेली. सगळ्यांना वाटलं, आता हा फवारणी करणार, जाळणार. त्यानं काहीच केलं नाही. म्हणजे गुरं बाहेर काढली, आग लागू दिली नाही, आणि गॉर्सला हात लावला नाही. शेजारच्या शेतकऱ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. विल्सनचा हिशोब वेगळा होता. गॉर्सला ऊन लागतं. त्याच्या सावलीत गॉर्सचंच बी रुजत नाही, पण देशी झाडांचं रुजतं. काटेरी छताखाली ओल टिकते, वारा लागत नाही, गुरं तोंड घालत नाहीत. पाखरं बी आणून टाकतात. दहापंधरा वर्षांत माहोए, फ्युशिया अशी देशी झाडं गॉर्सच्या डोक्यावरून वर येतात आणि मग त्यांच्या सावलीत गॉर्स आपोआप मरून जातो.

ते मी डोळ्यांनी पाहिलं. हिरव्यागार रानात पायवाटेच्या कडेला गॉर्सचे करडे, वाळलेले सांगाडे उभे होते. त्यांच्यामधून वर गेलेली झाडं माझ्या दुप्पट उंचीची. तणाच्या मांडीवर रान वाढलं होतं. आज ती राखीव जागा हजार हेक्टरांहून मोठी आहे.

मग मनात आलं ते मी विचारलंच. असं असेल तर क्रेगीबर्नला आपण पाइन का उपटले? तिथेही थांबावं, पाइनखालून बीच येईल. उत्तर साधं आणि पटण्यासारखं होतं. गॉर्स बुटका आहे, देशी झाड त्याला सहज ओलांडतं. पाइन आधीच सगळ्यांपेक्षा उंच जातो, दीर्घायुषी असतो. आणि त्या उंचीवरच्या टसॉकच्या डोंगरात त्याला सावलीत घेईल असं एकही देशी झाड नाही. एका तणाला वेळ द्यायचा, दुसऱ्याला एक दिवसही द्यायचा नाही. कुठलं कोणतं, हे ज्याला रान कळतं त्यानंच ठरवावं. घाणेरीचे आपल्याकडचे ताटवे मला तिथे आठवले. घाणेरीला हिनेवायचा उपाय लागू पडेल असं मी म्हणत नाही, तिची रीत वेगळी आहे. पण परतल्यापासून घाणेरी दिसली की मी वाकून तिच्या खाली काय उगवलंय ते बघते.

उत्तर बेटावर गेलो तेव्हा पाइनचं दुसरं रूप दिसलं. रोटोरुआहून ताउपोकडे जाताना कायंगारोआचं लागवडीचं रान लागतं आणि मग ते संपतच नाही. हा रेडिएटा पाइन. याचं मूळ घर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन लहान पट्टे आणि मेक्सिकोजवळची दोन बेटं, एवढंसंच. तिथे तो खुरटा, वाकडा. इथे तो सरळ सोट वाढतो आणि २५ ते ३० वर्षांत कापणीला येतो. रीमूला शतकं लागतात तिथे हा एका नोकरीच्या कालखंडात तयार.

आणि इतकी मोठी जमीन पाइनसाठी मोकळी कशी राहिली, त्याची गोष्ट तर मी पुन्हा पुन्हा विचारून घेतली. या ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत वसाहतवाल्यांची गुरं गवतात उभी राहून खंगून मरायची. पोटभर गवत, तरी हाडं वर आलेली. लोक जमिनीलाच रोगट म्हणायचे. शेती सुटली आणि सरकारनं तिथे कैद्यांकडून, पुढे मंदीत बेकार झालेल्या माणसांकडून पाइन लावून घेतले. तीसच्या दशकात उलगडा झाला की मातीत कोबाल्ट नाही. चिमूटभर कोबाल्टच्या अभावी जगातलं एक अवाढव्य लावलेलं जंगल उभं राहिलं!

जंगल म्हणाले खरी, पण तिथल्या एका वनकर्मचाऱ्यानं मला लगेच दुरुस्त केलं. हे शेत आहे, असं तो म्हणाला. एका वयाचे चौकोन, एका वेळी कापणी, पुन्हा लागण. उसाचा फड, फक्त पंचवीस वर्षांचा. मला ते ऐकून बरं वाटलं. शेताला शेत म्हटलं की त्याच्याकडून रानाची अपेक्षा राहत नाही, आणि या शेतामुळेच तर रीमूवरची करवत थांबवता आली.

तिथे रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांचा फोटो मी कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवला. तो औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या कास्टिंगना निर्यातीची खोकी करून देतो. त्याचं उत्तर मिनिटात आलं, "अगं, हे तर आपलं न्यूझीलंड पाइन!" त्याच्याकडचं लाकूड कांडल्याहून येतं हे मला ठाऊक होतं. कांडला बंदरात ते कुठून उतरतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कित्येक वर्षं न्यूझीलंडचे ओंडके जहाजांनी कांडल्याला उतरत आले, गांधीधामच्या गिरण्यांत चिरले गेले आणि देशभर पसरले. म्हणजे ज्या कुळातलं रोप मी डोंगरावर उपटून आले, त्याच कुळाच्या लाकडावर माझ्या माहेरची चूल पेटत होती. वादात मी पाहुणी नव्हते.

या देशात लावलेलं लाकूड आहे साधारण १७-१८ लाख हेक्टरांवर. आणि पळालेलं, वर सांगितलं तसं, तेवढ्याच जमिनीवर. पळालेल्यांत काँटोर्टा पुष्कळ, पण डग्लस फरही आहे, आणि डग्लस फर आजही विकण्यासाठी लावतात. लावणाऱ्याचा नफा त्याचा. वाऱ्यानं नेलेलं बी उपटायला मात्र शनिवारी पाठीवर लेकरू बांधून ती आई येते, आणि हेलिकॉप्टरचं तेल करदात्याचं. हे मला अन्यायाचं वाटलं आणि अजूनही वाटतं. जो लावतो त्याच्याकडून उपटण्याचा खर्च आधीच घेतला पाहिजे.

गिस्बर्नला एकच रात्र राहिलो. १९८८ साली बोला नावाच्या वादळानं तिथले डोंगर गाळ होऊन वाहिले, म्हणून माती धरायला उतारांवर पाइनची लागवड वाढवली. ते कापणीला आले. तोड झाली की फांद्या, शेंडे, न विकणारे ओंडके डोंगरावरच टाकून देतात. २०१८ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या पावसानं ते सगळं नद्यांतून खाली आणलं. पूल तुटले, शेतं गाडली गेली, समुद्रात पोहायला गेलेलं एक मूल ओंडक्याच्या माराने दगावलं. मी गेले तेव्हाही किनाऱ्यावर पांढरी पडलेली लाकडं विखुरलेली होती. सकाळी कुणी बोललं नाही. आम्ही निघालो.

शेवटी वाइपोआ. उत्तरेच्या टोकाकडचं काउरीचं रान. एकेकाळी या वृक्षाचे बुंधे जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी, घरांसाठी इतके कापले गेले, की जुन्या काउरी रानाचा अगदी थोडा अंश शिल्लक आहे. वाइपोआही जाणार होतं. चाळीसच्या दशकात वन खात्याचं म्हणणं होतं, जपून, थोडं थोडं कापू. विल्यम मॅकग्रेगर हे प्राणिशास्त्रज्ञ त्याविरुद्ध उभे राहिले, हजारो सह्यांचा अर्ज गेला आणि १९५२ साली तिथलं नऊ हजार हेक्टरांहून अधिक रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. होकिटिकाच्या जेवणाच्या टेबलावरचा वाद म्हणजे माझ्या वयाचाच होता.

रानाच्या तोंडाशी एक छोटी चौकट. आत पाऊल टाकायचं तर आधी तळव्यांची माती ब्रशनं घासायची, मग बूट औषधाच्या गादीवर दाबायचे. मी तीस वर्षं सह्याद्रीत फिरले, रानात शिरण्यापूर्वी पाय धुतले ते फक्त देवराईत, तेही आजीनं सांगितलं म्हणून. इथे कारण असं की काउरीला एक बुरशीसारखा सूक्ष्म जीव लागलाय. तो मातीतून मुळांत शिरतो, झाडाचं अन्नपाणी तोडतो, आणि त्यावर कायमचा उपाय नाही. काही झाडांना इंजेक्शनं देऊन रोगाचा वेग कमी करतात, एवढंच. काउरीची बारीक मुळं अगदी जमिनीच्या कातडीखाली असतात, म्हणून वाट लाकडी फळ्यांची, जमिनीपासून उचललेली. बुटाला चिकटलेली चिमूटभर माती हजार वर्षांच्या झाडाला पुरेशी आहे.

वळण घेतलं आणि समोर ताने माहुता. उंची सुमारे ५१ मीटर, बुंध्याचा घेर जवळपास १४ मीटर. पण हे आकडे नंतरचे. आधी मला झाड दिसलंच नाही. समोर एक करडी भिंत आहे असं वाटलं, आणि मान मागे टाकत नेली तेव्हा वर, खूप वर, त्या भिंतीला फांद्या फुटलेल्या दिसल्या. फांद्यांच्या बेचक्यांत दुसऱ्या झाडांच्या बागा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाचा बाजूला सरकून उभा राहिला.

ते रोरोआ या माओरी लोकांच्या राखणीतलं हे रान. ताने हा त्यांचा वनदेव. आकाशपिता रांगी आणि भूमाता पापा यांची मिठी इतकी घट्ट होती की लेकरांना उजेड मिळेना. तानेनं पाठ जमिनीला टेकवली, पाय आभाळाला लावले आणि दोघांना दूर सारलं, तेव्हा जग उजळलं. द्यावापृथिवी आपल्या ऋचांतही एकत्रच येतात. इथे त्यांच्यामध्ये एक झाड उभं आहे.

रोगाची लागण झालेली काउरी झाडं त्याच रानात, ताने माहुताच्या जवळपासच्या भागातही सापडली आहेत. तेव्हा न्यूझीलंडला जाणार असाल तर ट्रेकचे बूट घरीच घासून, वाळवून न्या, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर ते लपवू नका. तिथले अधिकारी ते घेऊन धुऊन परत देतात, माझे दिले. वाइपोआला फळ्यांच्या वाटेखाली पाऊल टाकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. आणि तळवे दोनदा घासा, आत जाताना आणि बाहेर येताना. बाहेर येताना बहुतेक जण विसरतात, आणि पुढच्या रानाकडे माती जाते ती तिथूनच.